धावणाऱ्या पोराला ऊन लागलं तर आधी थंड करा, मग गाडीत घाला

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शिनोलीच्या आमच्या वस्तीतली सहा-सात पोरं भरतीची तयारी करत होती. कुणाला लष्करात जायचं, कुणाला पोलिसात. पहाटे अंधारात धावायचं तर बिबट्याची भीती. जुन्नर-आंबेगावात ही भीती काही ऐकीव नाही. उसाच्या कडेने पाच वाजता पोराला एकटं सोडायला कोणती आई तयार होईल? म्हणून पोरं चांगलं उजाडल्यावर निघायची. त्यात कांदा काढणीचे दिवस. काही जण रानात दोन तास काम करून नऊ-साडेनऊला मैदानावर यायची. त्या दिवशी त्यातला एकजण, वय एकोणीस, चौथ्या फेरीला वाकडातिकडा धावायला लागला. मित्र हसले. त्यांना वाटलं, नाटक करतोय. मग त्याने एकाला शिवी हासडली, जी तो एरवी कधी देत नाही, आणि खाली कोसळला.

मित्रांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. सावलीत नेलं, तोंडात पाणी ओतलं, नाकाशी कांदा धरला आणि गाडी शोधायला पळाले. गाडी यायला वीस मिनिटं गेली. गाडीत दोघांच्या मांडीवर आडवा, अंगात टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, पायात बूट तसेच. दवाखान्यात काखेत थर्मामीटर लावला, १०२ आलं. ताप आहे म्हणून तापाचं इंजेक्शन दिलं आणि सलाईन लावलं. कोणता दवाखाना ते मी लिहिणार नाही. मी स्वतः अठरा वर्षं नर्स म्हणून काम केलंय आणि त्या टेबलाजवळ मी असते तर सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही हातून हेच झालं असतं. मला कळलं तेव्हा दुपार झाली होती. संध्याकाळी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी आली, दुसऱ्या दिवशी जवळजवळ बंदच झाली. पुण्याला हलवलं. पोरगं वाचलं, पण मूत्रपिंडं सावरेपर्यंत डायलिसिस करावं लागलं. घरातलं होतं नव्हतं ते गेलं आणि भरती हुकली ती वेगळीच.

"पाणी तर पाजलं व्हतं की ताई, मग असं कसं झालं?" त्याची आई मला विचारत होती. तिला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. नंतर वाचलं, लष्करी दवाखान्यात काम केलेल्या एका जुन्या मैत्रिणीला विचारलं, आणि लक्षात आलं की याचं उत्तर लष्करांनी फार मोठी किंमत मोजून शोधलेलं आहे. फक्त ते आपल्या वस्तीपर्यंत आलेलं नाही.

आपल्याला उष्माघात म्हटलं की काय आठवतं? उन्हात बसलेली म्हातारी, कोरडं तापलेलं अंग, घाम बंद. तोही उष्माघातच. पण सैनिकाला होतो तो वेगळा. तो तरण्याताठ्या, तब्येतीने धडधाकट माणसाला होतो. अंग घामाने थबथबलेलं असतं. ऊन फार कडक असायलाच पाहिजे असंही नाही, ढगाळ दमट सकाळीसुद्धा होतो. कारण इथे उष्णता बाहेरून कमी आणि आतून जास्त येते. आपले स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या शक्तीतला तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होऊन जातो. दुचाकीचं इंजिन जसं तापतं तसं. ही उष्णता बाहेर काढायला शरीराकडे मुख्य साधन एकच, घाम. तोही नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. आपला माठ बघा. उन्हाळ्यात कोरड्या हवेत पाणी गारेगार करतो आणि पावसाळ्यात तोच माठ काही करत नाही. दमट हवेत आपल्या अंगाचंही तसंच होतं. घाम टपटप गळतो, पण अंग थंड होत नाही. वरून पोरं घाम जास्त गाळून वजन कमी करायचं म्हणून जॅकेट घालून धावतात, ते तर माठाला प्लास्टिक गुंडाळण्यासारखं आहे.

आतलं तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर गेलं की मेंदू गडबडतो. म्हणून पहिलं लक्षण चक्कर नव्हे, वागणं बदलणं. वेड्यासारखं बोलणं, विनाकारण चिडणं, पाय अडखळणं, नाव-गाव विचारलं तर उत्तर न येणं. तेवढ्यावर ओळखा. आणि काखेतल्या थर्मामीटरवर भरवसा ठेवू नका. घामाने ओली कातडी थंड असते आणि आत मात्र भट्टी पेटलेली असते. लष्करात आणि मोठ्या शर्यतींत अशा वेळी गुदद्वारातून तापमान घेतात. वस्तीत ते जमणार नाही, ठीक आहे. पण काखेत १०१-१०२ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. धावता धावता माणूस बरळायला लागला की तो उष्माघात समजायचा आणि पुढची धावपळ त्यावर करायची. समजा तो नसलाच, तरी अंगावर पाणी ओतल्याने काही बिघडत नाही.

लष्करांनी मोजलेली किंमत म्हणजे काय, ते आपल्याच पुण्याच्या नावाने इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी ६ वी पुणे डिव्हिजन लढायला गेली तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा इथे ती वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार सैनिक शरण गेले. त्यानंतर ऐन उन्हाळ्यात कैद्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेलं. उपाशी, आजारी, पाण्यावाचून. वाटेत किती पडले त्याला गणती नाही. पहिल्या महायुद्धाला इथून इतके लोक गेले असे लिहिलेले संगमरवरी दगड आपल्याकडे अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर आहेत. ते वाचताना आपण फक्त गोळ्या डोळ्यांसमोर आणतो. पण त्या आघाडीवर उन्हाने आणि आजारानेही खूप माणसं नेली. शेवटी तिथल्या लष्करी डॉक्टरांनी उष्माघातासाठी वेगळी ठाणी उभी केली. तिथे बर्फ, गार पाणी आणि पंखे तयार ठेवायचे. माणूस आणला की आधी कपडे काढून थंड करायचा, बाकीचं सगळं नंतर. शंभर वर्षांपूर्वी त्यांना जे उमगलं ते आपल्या गाडीतल्या वीस मिनिटांत आपण विसरतो.

त्याआधीची गोष्ट १८५८ ची. जनरल ह्यू रोज याची फौज महू आणि सिहोरहून निघून झाशी घेऊन पुढे गेली. तिच्यात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या. ७ मे १८५८ ला कूंच इथे लढाई झाली तेव्हा ऊन इतकं होतं की जाड कपड्यांतले, नव्यानेच आलेले गोरे सैनिक गोळी न लागताच पडले. खुद्द रोजला घोड्यावरून खाली उतरावं लागलं. अंगावर गार पाणी ओतून घेऊन तो परत घोड्यावर बसला. जनरलला पाणी ओतणारे होते, शिपायाला कोण होतं हा प्रश्न माझ्या मनात येतो, पण तो या पानाचा विषय नाही.

आणि भीमा कोरेगाव. १ जानेवारीला दरवर्षी आपण तिथे जातो. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघून ती तुकडी रात्रभर चालली, सकाळी पोहोचली आणि दिवसभर लढली. नदी समोर दिसत होती, पण तिथपर्यंत पोहोचता येत नव्हतं. पाणी संध्याकाळनंतर मिळालं. महिना थंडीचा होता, तरी अंग आतून तापत होतंच. त्या लढाईच्या लिहिलेल्या हकिकतींत तहानेचा उल्लेख येतो तो उगाच नाही.

जुन्या काळी लष्करात एक समज होता की सैनिकाला कमी पाण्यावर राहायची सवय लावता येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या वाळवंटात एडॉल्फ नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सैनिकांवर मोजमाप करून हा समज खोटा ठरवला. उन्हाची सवय लागते, तहानेची लागत नाही. आपल्याकडे भरतीची पोरं अजून सांगतात, "ताई, धावताना पाणी प्यालं की पोटात दुखतं, दम तुटतो." घोट घोट प्या, दुखत नाही. कांदा काढायला जाणाऱ्या बाया आणि भरतीच्या तयारीतल्या मुली पाणी पीत नाहीत त्याचं कारण वेगळंच आहे. मैदानावर, रानात आडोसा नसतो. मुलींना आठशे मीटर धाव म्हणता आणि संडास कुठे आहे ते सांगत नाही! वस्तीतल्या मंडळाने ग्रामपंचायतीकडे मागायची पहिली गोष्ट ही आहे, टी-शर्ट नंतर मागा.

पण पाणी पाजलं होतं तरी असं कसं झालं, याचं उत्तर पाण्यात नाही. पाणी कमी पडलं तर धोका वाढतो, हे खरं. तरीही पोटभर पाणी प्यालेला माणूससुद्धा जोरात धावला, घाम वाळला नाही, तर तापतो. पाणी पोटात गेल्याने इंजिन बंद होत नाही. उलट अती पाणीही वाईट. रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडतो, फिट येते. यामुळे सैनिक दगावल्यावर अमेरिकी लष्कराने १९९८ साली नियम बदलले आणि तासाला साधारण दीड लिटरच्या वर पाणी पाजू नये असं ठरवलं. आपल्यासाठी एवढं पुरे: तहान लागेल तसं, थोडं थोडं, आणि तासाच्या वर घाम गाळायचा असेल तर ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, कैरीचं पन्हं. घरी ओआरएस करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. बाजारातली शक्तिवर्धक पेयं आणि व्यायामाआधी घ्यायच्या पावडरी बंद. त्यांतल्या कॅफिनने अंग तापतं आणि थकवा कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. असा माणूस पडला तर काय करायचं?

एकाने १०८ ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. गाडीची वाट बघत बसायचं नाही. लष्करी आणि खेळाच्या वैद्यकात आज नियम एकच, आधी थंड, मग वाहतूक. पहिल्या अर्ध्या तासात आतलं तापमान खाली आलं तर माणूस बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. अमेरिकेत फालमथ या गावी ऑगस्टमध्ये मोठी शर्यत होते. तिथे १८ वर्षांत २७४ धावपटूंना असा उष्माघात झाला. सगळ्यांना तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं. त्यातला एकही दगावला नाही. औषध काय, तर बर्फ आणि पाणी.

आमच्याकडे टब कुठला, असं तुम्ही म्हणाल. मांडवाची ताडपत्री आहे ना? बूट, मोजे, कपडे काढा, चड्डी राहू द्या. पोराला ताडपत्रीवर ठेवा, चार-सहा जणांनी कडा वर धरून खोलगट झोळी करा, तीत बोअरचं पाणी ओता, असेल तेवढा बर्फ टाका आणि झोळी हलवत राहा. पाणी हलतं राहिलं तर लवकर थंड करतं. बर्फ रसवंतीत मिळतो, मासळीवाल्याकडे मिळतो, लग्नाच्या मांडवात तर असतोच. जनावरांची मोठी दगडी किंवा सिमेंटची कुंडी असेल तर तीही चालेल. एकाने फक्त डोकं धरून वर ठेवायचं, दुसरं काम करायचं नाही. विहिरीत, कालव्यात, घोड नदीत नेऊन बुडवू नका. बरळणारा माणूस हातातून निसटतो. पाणी थोडंच असेल तर चादरी भिजवून अंगभर टाका, दर दोन मिनिटांनी बदला, पुठ्ठ्याने जोरात वारा घाला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऊन लागलं तर हीच रीत सोपी पडते.

किती वेळ? थर्मामीटर नसेल तर दहा ते पंधरा मिनिटं, किंवा तो नीट बोलू लागेपर्यंत, थरथरायला लागेपर्यंत. मग बाहेर काढा, कोरडं करा आणि दवाखान्यात न्या. जाताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. १०८ आधी आली आणि माणूस अजून तापलेलाच असेल तर ओल्या चादरी सोबत द्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की धावताना पडला, बरळत होता, अमुक वाजता पडला, इतकी मिनिटं थंड केला. ही चार वाक्यं तुम्ही सांगितली नाहीत तर तो साध्या तापाचा पेशंट होतो.

आम्हाला जी.एन.एम. करताना शिकवलं होतं की एकदम गार पाणी वापरू नका, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आत कोंडते, कोमट पाण्याने पुसा. मीही कित्येक वर्षं कोमट पाण्याने पुसत आले. मोजून पाहिल्यावर ते चूक निघालं. गार पाण्यात माणूस कितीतरी पटीने लवकर थंड होतो. तापाच्या गोळीचाही इथे उपयोग नाही. पॅरासिटामॉल आजाराच्या तापावर काम करतं, या तापावर नाही, आणि तापलेल्या यकृतावर उगाच भार पडतो. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. उलटी झाली तर कुशीवर वळवा. आणि कांदा? कांदा नाकाशी धरून, तळपायाला चोळून किंवा खिशात ठेवून काही होत नाही. कांद्याच्या मुलखात राहून हे लिहिते आहे, रागावू नका. भाकरीबरोबर जरूर खा.

दवाखान्यात गेल्यावर पोरगं उठून बसलं की घरचे "सोडा आता" म्हणतात. बिल वाढतं, तेही कळतं मला. पण तापलेले स्नायू विरघळतात, त्यांचा मळ मूत्रपिंडात अडकतो. यकृताचा त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो. म्हणून रक्ततपासणीत सीपीके, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या दुसऱ्या दिवशी परत करायला सांगा. लघवीचा रंग स्वतः बघा. कोऱ्या चहासारखी आली तर लगेच नर्सला दाखवा, सकाळची वाट बघू नका. घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढे पुण्याला पाठवायचं म्हणाले तर वाद घालू नका. घरी आल्यावर निदान आठवडाभर धावणं बंद, नंतर डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर हळूहळू सुरू.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी मोकळेपणाने बोलली जात नाही. सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात आणि राज्यभर आदिवासी बांधवांमध्ये तो आढळतो. लग्न करून, कामाला येऊन आपली माणसं सगळीकडे पसरली आहेत, त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या घरांनीही हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. ज्याला आजार नाही, पण जो वाहक आहे, म्हणजे तपासणीत एएस लिहून येतं, तो एरवी ठणठणीत असतो. पण उन्हात एकदम जीव तोडून धावला तर त्याचे स्नायू विरघळण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हे अमेरिकी लष्कराच्या रिक्रूटांमध्येच लक्षात आलं. याचा अर्थ त्याने धावू नये असा मुळीच नाही. हळूहळू वेग वाढवायचा, पाणी प्यायचं, पायात गोळे आले तर थांबायचं, ताप-जुलाबात धावायचं नाही. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. भरतीची तयारी सुरू करताना पोराची ती करून घ्या आणि लपवू नका.

उन्हाची सवय दहा ते चौदा दिवसांत लागते, त्याआधी नाही. कूंचला नवखे सैनिक पडले ते याच कारणाने. पहिल्या आठवड्यात कमी अंतर, कमी वेग. मुंबईहून सुट्टीला आलेल्या पोराने आल्या दिवशी गावातल्यांशी शर्यत लावू नये. रात्रभर जागरण, आदल्या दिवशी ताप, दारू, सर्दीच्या गोळ्या, यातलं काही असेल तर त्या दिवशी सुट्टी. बिबट्याच्या भीतीने पहाट जमत नसेल तर सगळ्यांनी मिळून, बॅटऱ्या आणि दोन मोठी माणसं सोबत घेऊन जा, किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर धावा. रानातलं काम आणि धाव एका सकाळी नको. अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या छावणीत १९५० च्या दशकापासून ऊन, वारा आणि ओलावा एकत्र मोजून झेंडे लावतात. काळा झेंडा लागला की जोरकस कवायत बंद, मग अधिकारी कितीही मोठा असो.

हे फक्त भरतीचं नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि वैशाख पौर्णिमेला आपले समता सैनिक दलाचे कार्यकर्ते पूर्ण गणवेशात, बूट घालून दुपारभर उभे असतात. लेझीमची पोरं तासन्‌तास नाचतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी १४ जण उन्हाने गेले. त्या दिवशी तिथलं तापमान काही ४५ नव्हतं, ३८ च्या आसपास होतं, पण समुद्राकाठचा दमटपणा होता आणि डोक्यावर छत नव्हतं. मिरवणूक संध्याकाळी काढा. दुपारी काढायचीच असेल तर दर तासाला सैनिकांची पाळी बदला आणि डीजेच्या गाडीमागे एका हातगाडीवर पाण्याची टाकी, बर्फाच्या लाद्या आणि घडी केलेली ताडपत्री असू द्या.

आमच्या मैदानाच्या कडेला यंदा निळ्या रंगाचा अर्धा कापलेला ड्रम पाण्याने भरून ठेवला आहे आणि ताडपत्री शेजारच्या घराच्या ओट्यावर आहे. बर्फवाल्याचा नंबर भिंतीवर खडूने लिहिला आहे. मागच्या वर्षी पडलेला तो पोरगा डॉक्टरांनी होकार दिल्यापासून परत धावतो, अजून अर्धंच अंतर. बाकीच्यांच्या फेऱ्या तो मोजतो आणि प्रत्येक फेरीला पळणाऱ्याला त्याचं नाव आणि आजचा वार विचारतो. उत्तर चुकलं की शिट्टी वाजवतो.